कोरफडीला तीर्थ

ता. २० जुलै १९३६, सोमवार
घरात आले: दूध अर्धा शेर, दीड आणा. कोळसा एक पाटी, तीन आणे. बेल धोंडाबाईने कार्ल्याहून आणला, फुकट. मध एक बाटली. किंमत उद्या लिहीन.
श्रावणातला पहिला सोमवार. अभिषेक केला. ते पाणी पायदळी जाऊ नये म्हणून एरवी तुळशीला घालते. पण अंगणात घोटाभर पाणी, तुळस आधीच बुडाली आहे. म्हणून खिडकीतल्या कोरफडीला घातले. कोरफड सुनेची. अरुंधती ज्येष्ठात तळेगावला माहेरी गेली, चार दिवस विश्रांतीला. जाताना म्हणाली, आई, हिला पावसाळ्यात पाणी नकोच. पण हे पाणी नव्हे, तीर्थ आहे.

ता. २३ जुलै, नागपंचमी
दोन पाने पिवळी. लोणावळ्याची हवा. अरुंधतीलाही मानवली नाही. सकाळी काढा, दुपारी दूध-तूप, रात्री पुन्हा काढा, समोर बसून पाजत होते. तरी सुकत गेली. माझ्याकडून कमी झाले नाही.

ता. २७ जुलै, सोमवार
अभिषेक. उरलेले पंचामृतही कोरफडीलाच. तेवढेच पोषण. मुंग्या आल्या.

ता. ३० जुलै
बुंधा मऊ. वास येतो. धोंडाबाई भांडी घासायला आली, बोट लावून म्हणाली, बाई, बुडातनं सडलं की हे, पानी लय झालं. मी म्हटले, अगं, तीर्थ आहे ते. तर म्हणते, व्हय, पन वलंच हाय न्हवं? आणि हसली. शिक्षण नाही, दुसरे काय. मी मॅट्रिक आहे.

ता. ३१ जुलै, सकाळी १०
यजमानांना विचारले. इकडून सल्ला मिळाला: सडके काप, सुकव, कोरड्या वाळूत लाव आणि मग हात लावू नकोस. शेवटचे जरा मोठ्याने झाले.
ऑपरेशन केले. काळा बुंधा विळीवर कापला, हळद व राख लावली, शेगडीजवळ सुपात ठेवली. आता महिनाभर थेंबही नाही. निश्चय.

ता. ३ ऑगस्ट, सोमवार
कोरड्या वाळूत लावली. निश्चय पाळला.
अभिषेकानंतर तिच्याकडे पाहवेना. एक पळी घातली. पळी हिशेबात धरायची नसते.
संध्याकाळी आणखी एक.

ता. ५ ऑगस्ट
अरुंधतीचे पत्र. शरदला मुंबईत परळला खोली मिळाली. ती तळेगावहून परस्पर नवऱ्याकडे जाणार. प्रकृती उत्तम, औषध काही नाही. शेवटी दोन ओळी: कोरफड जगली असेल तर कळवावे. न्यायला एक दिवस उतरेन.
जगली नसेल तर काय, ते लिहिले नाही.
इकडून म्हणणे झाले, कुंडी स्टेशनवर नेऊन द्यावी, गाडी इथे थांबते दहा मिनिटे. मग वर्तमानपत्र उघडले.
मला काळजी नाही. एक दिवस आली की आठ दिवस ठेवून घेईन. काढ्याचे सामान आहे.

ता. १० ऑगस्ट, सोमवार
नवे पान यावे म्हणून अकरा आवर्तने. तीर्थ सगळे तिलाच. वरून हिरवी दिसते.

ता. १२ ऑगस्ट
वाळू बदलावी म्हणून उचलली. पान हातात आले. बाकीची कुंडीत राहिली, पेजेसारखी.
काही वाटले नाही. भात लावला.
धोंडाबाई हसली नाही. म्हणाली, बाई, आमच्या बांधाला लय हाय, उद्या आनते. सूनबाईला काय कळतंय?
मी म्हटले, तिला कळेल.

ता. १३ ऑगस्ट
पत्र टाकले. नक्कल:
चि. सौ. अरुंधतीस अनेक आशीर्वाद. वि. वि. कोरफड गेली. हवा फार दमट. कुंडी शाबूत आहे. घासून, पुसून, कोरडी करून ठेवली आहे. कुंडीसाठी उतरशील का? काढा करणार नाही. उलट टपाली कळवावे.