गुरुवारची बंद खिडकी

पप्पा, तुमची पेटी आता मी वाजवते. डोंबिवलीच्या आपल्या त्याच घरात दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना होते, गाणीही तुमचीच होतात, फक्त खिडक्या बंद असतात. तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. शाळेत असताना एकदा, खाली खेळणाऱ्या मैत्रिणी ऐकतील म्हणून मी लाजून खिडकी लावली होती. तुम्ही पेटी सोडून उठलात, खिडकी सताड उघडलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "देवाचं नाव घेतोय आपण, चोरी नाही करत." मी तुमच्याशी अबोला धरला होता, आठवतं?

आता कोणी विचारलं तर सांगते, एमआयडीसीतल्या कारखान्यांचा वास येतो. खरं कारण निराळं आहे. मध्यंतरी सोसायटीच्या ग्रुपवर आपल्या दाराबाहेरच्या चपलांचा फोटो आला. खाली लिहिलेलं, 'एवढी माणसं कशाला जमतात? धर्मांतर चालतं का?' फोटो फॉरवर्ड केलेला, त्यामुळे मुळात काढला कोणी ते कळेना. बाकीचे गप्प बसले. ज्यांच्या घरी आपल्या नाताळच्या करंज्या जातात तेही गप्प, आणि मला राग आला तो त्याचाच. तेव्हापासून आम्ही चपला पिशवीत घालून आत ठेवतो. ह्याला छळ म्हणायचं का, पप्पा? कोणी मारलं नाही, अडवलं नाही. दिवाळीचा फराळही घरोघरून आला. पण चकली मोडताना माझ्या डोक्यात एकच, फोटो हिने काढला की हिच्या नवऱ्याने? मन चिंती ते वैरी न चिंती, तसं झालंय माझं.

परवाच्या गुरुवारी शेजारच्या काकू आल्या. शाळेतून आल्यावर मी ज्यांच्याकडे जेवायचे, त्याच. नेहमीसारख्या दाराबाहेर चपला काढायला लागल्या.

"काकू, चपला आत घ्या ना."

"का गं?"

"कुत्रं पळवतं."

तिसऱ्या मजल्यावर कुत्रं! काकूंनी चपला उचलून आत आणल्या. मग गाणं सुरू झालं आणि बघते तर काकूंनी पदराआडून मोबाइल वर धरलेला. माझे हात थांबले. सगळेच थांबले.

"काय करताय काकू?"

"अगं, थांबलीस का? ह्यांना फोन लावलाय. अंथरुणावरून उठवत नाही त्यांना. तुझे पप्पा होते तेव्हापासून गुरुवारी ऐकायची सवय. तू खिडकी लावून घेतेस, तर मला विचारतात, आज गाणं नाही का?"

मी वासाचं सांगितलं.

"आज कुठाय वास?" काकू म्हणाल्या.

मी पुन्हा वाजवायला लागले. फोनमधून काकांचा खोकला ऐकू येत होता, म्हणजे फोन खरंच लागलेला होता. हेही मी तपासलं, बघा. तुम्ही असतात तर तिथल्या तिथे उठून खिडकी उघडली असतीत. मला ते जमलं नाही. भिंतीपलीकडच्या माणसाला फोनवरून गाणं ऐकवत आम्ही प्रार्थना संपवली.

माझं हे तपासणं घरात कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे. काकू गेल्या, जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या, आणि दार लावल्याबरोबर मी ग्रुप उघडून पाहिला.