पाद्र्याच्या बंगल्यातल्या अर्ध्या भिंती

मंगळवार, संध्याकाळ

वरवटच्या वाटेवरचा इंग्रजांच्या वेळचा पाद्री बंगला चर्चच्या कमिटीला पाडायचा आहे. मी आज जाऊन सांगितलं, पाडू नका, छत माझ्या खर्चानं नीट करून देतो. आई तिथं स्वयंपाक करायची.

वारा खेळावा म्हणून त्या घराच्या मधल्या भिंती छतापर्यंत नेलेल्याच नाहीत. या खोलीतलं त्या खोलीत जसंच्या तसं ऐकू येतं. जुना साहेब खाजगी बोलायला व्हरांड्यात जायचा, आई सांगायची. या कमिटीवाल्यांना तेवढंही ठाऊक नाही. मला बसवून शेजारच्या खोलीत विचार करायला गेले.

"हा ठेकेदार फुकट काऊन करून राह्यला बे?"

"छताच्या सागवानावर डोया असन त्याचा. सैपाकिणीचा पोरगा तो, लहानपणापासून पाहून ठेवलं असन."

मग हसले. बोलले त्याचं काही नाही, पण हसले.

बाहेर येऊन म्हणतात, "भाऊ, चहा घ्या." घेतला. दोन गमतीही सांगितल्या. आणि म्हणालो, "पाडूनच टाका. सागवान मी घेतो."

काऊन म्हणालो असं? सगळे कसे सुखावले. राग माणसांचा आला, आणि पडणार घर. तेही माझ्याच माणसांच्या हातानं.