शफीकची पेटी आणि माझं रजिस्टर

अमरावती, १२ जुलै १९६१

तीर्थस्वरूप किसनराव भावजींस पुंजारामचा शिरसाष्टांग नमस्कार. अक्काचा गुडघा आता जिना मानतो का? आपला खोकला थांबला असेल. इकडे सगळे बरे आहेत. बरा नाही तो मी एकटाच, आणि त्यात प्रकृतीचा काही दोष नाही.

आमच्या वाचनालयात माझं रजिस्टर बारा वर्षं चाललं, हे आपण जाणताच. आता शफीक नावाचा नवा मदतनीस आला आहे. त्यानं प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड करून लाकडी पेटीत लावलं. (कार्डं माझ्या रजिस्टरवरून नाही, कपाटातलं एकेक पुस्तक हातात घेऊन केली. माझ्यावर एवढा अविश्वास कशाला?) कुणाची नोंद लवकर आणि बिनचूक होते ते पाहायला अध्यक्ष खुशालरावांनी दोघांची परीक्षा ठरवली. जिंकेल तो खिडकीजवळच्या टेबलावर, हरेल तो मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवायला. भावजी, त्या कोंदट खोलीत मला दम लागतो. म्हातारपणी तिथं बसायची मला खरोखर भीती वाटते.

पहिली परीक्षा मी मोडून काढली. शफीकला दिला सोमवार, त्या दिवशी लोक नुसतं "आहे का?" विचारून जातात. मला दिला बाजाराचा दिवस, तेव्हा प्रत्येक जण दोन परत करून दोन नेतो. हे ओझं सारखं कसं? दुसऱ्या वेळी दिवस एकच, पण या पठ्ठ्यानं कार्डांचा नुसता गठ्ठा करून ठेवला आणि वेळ संपल्यावर सावकाश पेटीत लावत बसला. मी पंखा लावला. (उकडत होतं.) कार्डं उडाली आणि तीही परीक्षा बाद झाली.

शेवटी खुशालरावांनी सभासदांची सभा बोलावून चाळीस चिठ्ठ्या केल्या; प्रत्येकीवर एक पुस्तक, ते आत आहे की बाहेर हे आम्ही सांगायचं. दोघांना त्याच चिठ्ठ्या, त्याच क्रमानं. एक नोंद पुरी झाल्याशिवाय पुढची चिठ्ठी नाही. आणि उत्तर खरं की खोटं ते शिपाई डोमाजीनं कपाटात पाहायचं. एकोणचाळीसपर्यंत आम्ही बरोबरीत होतो. चाळिसावी निघाली संत्र्याच्या बागेवरच्या जाड पुस्तकाची. माझ्या रजिस्टरात ते परत आलेलं. शफीक म्हणाला, "याचं कार्डच नाई." डोमाजीनं तिन्ही कपाटं उपसली. "पुंजारामभाऊ, पुस्तक तं कुठंच नाई दिसून राहिलं!" मी भर सभेत सांगितलं की शफीकनंच ते लपवलं. पुस्तक शोधून दाखवायला खुशालरावांनी मला शनिवारपर्यंत मुदत दिली आहे.

अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
पुंजाराम

ता. क. – ते पुस्तक आपल्याकडे आहे. तीन वर्षांपूर्वी बाग लावायला म्हणून आपण नेलंत. बहिणीच्या नवऱ्याकडे परत मागायचं कोणत्या तोंडानं, म्हणून मीच 'परत आलं' असं लिहून टाकलं. शुक्रवारच्या मोटारीनं पाठवावं. कपाटामागे पडलं होतं म्हणून सांगेन. बागेचं काय झालं ते विचारत नाही.

आणखी एक – पाकीट चिकटवणार तोच शफीक शेजारी येऊन बसला. "भाऊ, पुस्तक अकोल्याले हाये. तुमच्या भावजीनं नेलं तवा रांगेत त्यायच्या मांगं मीच उभा होतो. मलेबी तेच पाह्यजे होतं." मग सभेत काहून बोलला नाहीस, विचारलं. म्हणाला, "तुमाले त्या खोलीत दम लागते ना."

भावजी, माणूस इतका चांगला असेल? मला दाट संशय आहे. तरी पुस्तक त्याच्याच नावानं पाठवा. त्याला कार्ड करू द्या आणि पहिल्यांदा घरी नेऊ द्या. मला रजिस्टरात काही लिहायचं उरलेलं नाही. ते तीन वर्षांपूर्वीच परत आलं आहे.