मशीनवरचं बाबांचं नाव

धाकट्या,

तू उठायच्या आत निघतेय. कुरियरच्या ऑफिसातून दिवा पोचल्याची सहीची पावती आणायचीये. उद्यापर्यंत बँकेत पोचली नाही तर पैसेही गेले आणि दिवाही गेला.

दुकानात कार्डाने पैसे भरून निळा दिवा कुरियरने मागवणाऱ्या बाई खोटारड्या नाहीत रे. काल तू त्यांच्या नावाने खडे फोडलेस, मीही फोडले. तू तणतणत निघून गेल्यावर मी त्यांना फोन लावला. बिचाऱ्या ओशाळल्या. कार्डाच्या स्टेटमेंटवर त्यांना घड्याळाच्या दुकानाचं नाव दिसलं. आपण कुठे घड्याळ घेतलं, म्हणून त्यांनी बँकेकडे तक्रार केली.

कार्डाचं मशीन अजून बाबांच्याच दुकानाच्या नावावर आहे ना! घड्याळं गेली, कागदी दिवे आले, पाटी बदलली. मशीनवरच्या नावाला हात लावायचा धीर मात्र दोघांनाही झाला नाही.

त्या तक्रार मागे घेतील, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. बिल आणि त्यांचा मेसेज छापून ठेव: 'दिवा लावला की भिंतीवर पाणी हलतं.' दिवा पोचल्याचा याहून चांगला पुरावा कुठला?

नाव बदलायचा अर्ज चहाच्या डब्याखाली आहे. माझी सही झालीये. तुझी जागा रिकामी आहे.

पहाटे बाबा स्वप्नात आले होते. दुकानभर निळा उजेड, आणि ते आपल्या स्टुलावर. मला वाटलं, आता नावाचं विचारतील. पण दिव्यावरून बोट फिरवत एवढंच म्हणाले, "हा कागद कुठून आणलास गं?"

ताई