हार्लनचा चाप

पोमरॉय, ओहायो
९ जुलै १९७४

चि. लाइल भावजींस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाय अजून प्लास्टरमध्येच आहे असं कळलं. या वयात शिड्या चढायची हौस कुठून आली तुम्हाला? तुमचे दादा असते तर म्हणाले असते, की लाइलला लहानपणापासून खाली यायचा एकच रस्ता ठाऊक आहे.

इकडे मका गुडघ्याच्या वर गेला आहे. नदीला पाणी कमी आहे. सगळं ठीक आहे असं लिहून हे पत्र संपवणार होते, पण ते खरं नाही.

परवा रविवारी नेमबाजांच्या क्लबात आपल्या रोवेनाने पिस्तुलाचा चाप एकदा ओढला आणि गोळ्या दोन सुटल्या. दुसरी छपराचा पत्रा फोडून गेली. मला सांगितलं ते मर्ल टकरने, किराणा दुकानात कॉफीच्या डब्यांपाशी उभं राहून. म्हणाला, की नेल्डा, मी क्लबाचा म्हातारा, मला कोण विचारतो, पण त्या पिस्तुलाचा भरवसा संपला आहे आणि तुझी पोर ऐकत नाही. असं याआधीही एकदा झालं होतं म्हणे.

पिस्तूल तुम्हाला माहीतच आहे. तिच्या पहिल्या सामन्यासाठी दादांनी आतला तुकडा न् तुकडा हाताने घासून बसवला होता. फेब्रुवारीत हार्लन गेले तेव्हापासून ती दुसऱ्या पिस्तुलाला हात लावत नाही. डेअरीतून आली की जेवणाआधी आपल्या खोलीत भिंतीवरच्या ठिपक्यावर रिकामा चाप ओढत बसते. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत तो आवाज ऐकते. काच हलकेच मोडावी तसा, स्वच्छ. तो हार्लनच्या हातचा आहे. मलाही तो थांबू नये असं वाटतं, हे तुमच्याखेरीज कुणाला लिहू?

पण प्रत्येक ओढीबरोबर ते आतलं झिजतं आहे. मी तिला सरळ विचारलं, की बाई, पायात गेली एखादी तर काय करशील? ती म्हणाली, गेली तर गेली. चिडून म्हणाली असती तर मला काही वाटलं नसतं. दूध संपलंय म्हणावं तसं म्हणाली. तेहेतीस वर्षांची मुलगी, भावजी. तिचं अर्धं ताट मी रोज कुत्र्याला घालते.

ऑगस्टच्या सुरुवातीला एरी तळ्याकाठचे सामने आहेत, ती जाणारच. मी सफाईचं निमित्त करून पिस्तूल तुमच्याकडे पाठवते. तुम्ही आतले तुकडे बदला, चापाची ओढ तीच ठेवा, तिला कळायला नको. एवढं माझ्यासाठी करा.

पायाला जपा. माया आहे तशी राहू द्या.
तुमची,
नेल्डा वहिनी


कर्नी, नेब्रास्का
१५ जुलै १९७४

ती. स्व. नेल्डा वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून अन्न गोड लागेना. तरी तुम्ही सांगता ते मी करणार नाही. रागवा हवं तर.

दादाच्या हाताखाली बंदुका दुरुस्तीच्या बाकावर बसलो त्या पहिल्याच दिवशी त्याने मला एक गोष्ट शिकवली. ज्याचं बोट, त्याला विचारल्याशिवाय त्याच्या चापाला हात लावायचा नाही. मी एकदा एका गिऱ्हाइकाचा चाप न विचारता जरा हलका केला, बिचाऱ्याला खूश करावं म्हणून. दादाने सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली, आणि मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बोट कुठवर जायचं ते शिकलेलं असतं. चाप त्याच्या अलीकडेच सुटला, तर माणसाचं मन तयार होण्याआधी गोळी निघून जाते.

बिघाड मला इथे बसून दिसतो आहे. गोळीवर आपटणारा घोडा अडवून धरणारी खिटी असते, तिची धार झिजली आहे. एका गोळीच्या दणक्याने ती घसरते आणि दुसरी सुटते. यावर उपाय एकच, खिटी बदलणे. पण तो रोवेनाने मागितला पाहिजे. तिला पिस्तुलासकट माझ्याकडे पाठवा. मी लंगडा असलो तरी बाकावर बसायला पाय लागत नाहीत.

तुम्ही तिथलं वाचनालय कपाटामागून कपाट वाचून काढलंत. दादा म्हणायचा, की माझी बायको शाळेत कमी गेली पण शाळामास्तरांना पुरून उरेल. पोरीशी बोलायला चार शब्द तुम्हाला नक्की सापडतील.

आशीर्वादाचा भुकेला,
लाइल


पोमरॉय
२७ जुलै १९७४

चि. लाइल भावजींस,
आशीर्वाद. वि. वि.

शब्द सापडले, पण त्यांचा उपयोग झाला नाही. काकाकडे चल म्हटलं तर ती म्हणाली, की बाबांनी घासलेल्यावर काकाचीसुद्धा कानस चालू देणार नाही. मी म्हटलं, मग सामन्याला जाऊ नकोस. त्यावर म्हणाली, की जाईन, आणि फार बोललीस तर परत येणार नाही. दार आपटलं असतं तर बरं, पण तिने ते हळूच लावून घेतलं.

म्हणून आज ती डेअरीत गेल्यावर मी ते केलं. चिडू नका. पस्तीस वर्षं मी त्यांच्या बाकाशी दिवा धरून उभी राहिले आहे. पिस्तूल कुठल्या क्रमाने उघडतं ते मला भरतकामाच्या टाक्यांइतकं पाठ आहे. खिटी बदलायची एवढं तुम्हीच लिहिलं होतं. खालच्या खणात कापसावर कितीतरी खिट्या ठेवलेल्या होत्या, आरशासारख्या घासलेल्या. वाटलं, पोरीसाठीच करून ठेवल्या असतील. त्यातली सर्वांत चकचकीत मी बसवली. घोडा आणि बाकी सगळं होतं तेच ठेवलं. रिकामा चाप पुन्हा पुन्हा ओढून पाहिला, दर वेळी घोडा अडला. सामन्यात करतात तसं चापाला साडेतीन पौंडांचं वजन अडकवून पिस्तूल वर उचललं. वजन उचललं गेलं, घोडा पडला नाही. आता कोण काय म्हणणार?

तिला कळणार नाही. सामन्याआधीचे काही दिवस ती बोट विसाव्याला ठेवते, चापाला शिवत नाही. ही शिस्तही दादांचीच. गुरुवारी पहाटे पेटी उचलून निघेल.

हार्लन गेल्यापासून आज पहिल्यांदा मला नीट श्वास आला. आवाज मात्र बदलला, भावजी. तो मी माझ्या हाताने घालवला. पोरीपुढे ते काहीच नाही, असं स्वतःला सांगते आहे.

माझ्याविषयी मन कडू करू नका.
नेल्डा


कर्नी
१ ऑगस्ट १९७४

ती. स्व. वहिनींस,
सा. न.

पत्र आत्ता हातात पडलं. तुमच्याकडे वादळाने तारा पडल्यात, फोन लागत नाही. तार पाठवली आहे. ती आधी पोचावी, आणि हे पत्र वाचायची वेळच तुमच्यावर येऊ नये.

एकटी खिटी कधी बदलत नाहीत. खिटी आणि घोडा यांचं जोडपं असतं, एकमेकांवर घासून जुळवलेलं. एकीचा जोडीदार काढून दुसरीशी लावता येत नाही. दादाला ही गोष्ट इतकी साधी वाटायची की तो ती कधी बोललाच नसेल, आणि मीही लिहिली नाही.

आणि वहिनी, त्या खालच्या खणात वाया गेलेल्या खिट्या आहेत. प्रमाणाबाहेर घासल्या गेलेल्या. त्याच्याने टाकून देववत नसे. जी जितकी चकचकीत, ती तितकी बाद.

रिकाम्या पिस्तुलात ती धरते. वजनही उचलते. पण गोळ्या भरून पिस्तुलाचा वरचा सरकता भाग दणक्याने पुढे आला की घोडा सुटेल, बोट चापावर नसतानासुद्धा. आणि एक सुटली की आतल्या सगळ्या सुटतील. पिस्तूल हातात उसळत वर येईल, तोंडाकडे.

तिला थांबवा. मला आणखी काही सुचत नाही.
लाइल


पोमरॉय
२ ऑगस्ट, शुक्रवार

भावजी,

तार आत्ता आली, गॅलिपोलिसहून माणूस घेऊन आला. रोवेना काल पहाटे गेली. तिचा पहिला डाव आज सकाळीच आहे.

पुलापलीकडे फोन चालू आहेत म्हणून धावत गेले. सामन्याच्या कचेरीत एक गृहस्थ बोलले. म्हणाले, की बाई, इथे शेकड्यांनी माणसं आहेत, नेम धरायच्या ओळीवर गेलेल्याला हाक मारता येत नाही, नाव फळ्यावर लिहून ठेवतो. मी म्हटलं, तिच्या हातातलं पिस्तूल काढून घ्या. त्यांनी विचारलं, का? मला एका वाक्यात सांगता आलं नाही. मी केलं आहे, मी केलं आहे, एवढंच म्हणत राहिले, आणि त्यांना मी वेडी वाटले असणार.

मर्ल ट्रकमध्ये पेट्रोल भरतो आहे. तोवर हात रिकामे राहवत नाहीत म्हणून लिहिते आहे. गेली तर गेली असं ती म्हणाली होती. तिने माझ्यावर उलटून बोलावं, वाटेल ते बोलावं. मर्ल हॉर्न वाजवतो आहे.

नेल्डा


पोमरॉय
६ ऑगस्ट १९७४

चि. लाइल भावजींस,
आशीर्वाद. वि. वि.

रोवेना घरी आहे. तारेत एवढंच मावलं. बाकीचं आता लिहिते.

सामन्याआधीच्या तपासणीत पिस्तुलाने वजन उचललं. ओळीवर तिने गोळ्या भरल्या, वरचा भाग सोडला, आणि बोट चापावर नसताना पिस्तूल आपणहून सुटलं. पाचही गोळ्या, श्वास घ्यायच्या आत. पहिली गवतात गेली, मग हात वर वर उसळत गेला. पिस्तूल कपाळाला लागून भुवई फाटली. शेवटची कुठे गेली ते तिला ठाऊक नाही. ओळीत शेजारच्या जागेवरचा माणूस जमिनीवर आडवा झाला होता, त्याला काही झालं नाही. त्याची पोरं मागे सतरंजीवर बसली होती, असं तिने मला दोनदा सांगितलं.

पंचांनी पिस्तूल काढून घेतलं आणि तिला सामन्यातून बाद केलं. आम्ही पोचलो तेव्हा ती लाकडी बाकावर बसली होती, कपाळाला पट्टी. फळ्यावर तिचं नाव होतं, मी फोनवरून लिहायला सांगितलेलं. ते तिला कुणी दाखवलं नव्हतं.

मी जवळ जाऊन सगळं सांगितलं. मर्ल मध्येच म्हणाला, की तुझ्या आईने भल्यासाठीच केलं. तिने त्याला गप्प बसवलं. म्हणाली, की मर्लकाका, तुम्ही ट्रक सावलीत लावा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, की तू मला मारलं असतंस. मी म्हटलं, हो.

येताना ती खिडकीशी बसली. कोलंबस शहर मागे पडलं. मग ती आपण होऊनच बोलू लागली, रस्त्याकडे बघत. म्हणाली, की एकातून दोन सुटायच्या ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच ती पिस्तूल भरत होती. बाबांच्याच हातून झालं तर होऊ दे, असं वाटायचं. मी तिचा हात धरला नाही. धरला असता तर ती थांबली असती. पुढे म्हणाली, की शुक्रवारी पिस्तूल तोंडाकडे येत होतं तेव्हा तिने मान जोराने बाजूला घेतली. इतकी जोराने, की मान अजून आखडली आहे. तिला स्वतःचंच नवल वाटलं. मान तिने घेतली, कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्याशी ती धड बोलत नाही. तिचा राग जाईल की नाही मला माहीत नाही, आणि तो जावा असं मागायला माझं तोंड नाही. काल संध्याकाळी मान तिरकी धरून स्वयंपाकघरात आली, माझ्याकडे न बघता ताट वाढून घेतलं, आणि बटाटे अळणी झालेत म्हणाली. मी मिठाची बरणी पुढे केली.

तुमची माया तोडू नका, एवढंच.
नेल्डा