मांडवाखालचा जॉइंट

२ फेब्रुवारी, सोमवार
बाळकुमच्या नव्या पाण्याच्या लाइनची टेस्ट शुक्रवारी. पाइपात पाणी भरायचं, पंपाने प्रेशर द्यायचं. गेजची सुई खाली आली नाही तर लाइन पास. ठेकेदार कमलेशशेठ म्हणाले, फेल झाली तर सर्वेश, तू कोपरला घरीच बस. मी घाबरलो नाही. फक्त जेवण गेलं नाही.
संकल्प : टेस्ट होईपर्यंत पाइपाच्या एकाही जॉइंटवर माती पडू द्यायची नाही, गळती दिसली पाहिजे. नियम म्हणजे नियम.

३ फेब्रुवारी
सखुबाई आलेल्या. लाइन त्यांच्या दारावरून जाते आणि शुक्रवारीच नातीची हळद. मांडव रस्त्यावर, अख्खं गाव नाचणार. म्हणाल्या, दारातला जॉइंटचा खड्डा बुजव. मी नियम ठामपणे समजावला. मागे त्यांचे पुतणे उभे होते.
दुपारी खड्डा बुजवून रोलर फिरवला. ही माघार नव्हे. लोकसंपर्क.

४ फेब्रुवारी
गुपचूप प्रेशर देऊन बघितलं. मी लांब उभा. मागच्या साइटवर पाइपाचं झाकण उडालेलं, तो आवाज अजून कानात आहे. शिवाय सुपरवायझरने लांबूनच बघायचं असतं.
सुई चढली. मग पडायला लागली. पाइपात हवा असणार. हवा काढली. परत पडली. उघडे जॉइंट सगळे कोरडे. उरला एकच, मांडवाखालचा.
सगळं सांगून टाकायचं ठरवून शेठना फोन लावला. त्यांनी उचलला. मी विचारलं, जेवलात का.

५ फेब्रुवारी
उपाय सापडला. प्रेशर आलं की गेजजवळचा छोटा व्हॉल्व्ह हळूच बंद करायचा. मग लाइनमधलं प्रेशर पडलं तरी सुई आहे तिथेच राहते. याला फसवणूक म्हणत नाहीत. सुईला आधार दिला, इतकंच.
बायकोला, आसावरीला सांगितलं, प्रमोशन पक्कं. ती म्हणाली, मग ताट तसंच का?

६ फेब्रुवारी, सकाळी
झोप नाही. तब्येत उत्तम.

संध्याकाळी
सुई तसूभर हलली नाही. पाणी खात्याच्या चित्रा मॅडम खूश. सहीसाठी पेन काढलं आणि डीजे थांबला.
मांडवाच्या मधोमध जमिनीतून पाणी उसळत होतं. मी पंपामागे सरकलो. पुतणे माझ्याकडेच येत होते. मारणार, नक्की मारणार. त्यांनी मला उचलून मांडवात नेलं. सखुबाईंनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि उरलेली हळद माझ्या तोंडाला फासली.
"माझे नातीचे हलदीला दारान पानी आनलंस रं पोरा."
मग मॅडमचा हात धरून त्यांनाही पाण्यापाशी नेलं. मॅडमनी पाणी बघितलं, मला बघितलं, पेन पर्समध्ये ठेवलं.

७ फेब्रुवारी
शेठनी कामावरून काढलं नाही. खड्डा मात्र मीच खणायचा, हाताने. खणतोय. तोंडाची हळद निघत नाही.
सखुबाई सारख्या येऊन विचारतात, पाणी बंद का केलंस, परत कधी सोडतोस. खरं सांगायचं ठरवून मान वर केली. वर पुतणे उभे होते.
म्हटलं, लवकरच.