वाइड लेन्समध्ये आलेला बाबांचा हात

रविवार, बोरीवली. दिवेलागणीची वेळ.

सकाळचे फोटो लॅपटॉपवर उघडले आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून बघितले.

माझ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्समधून नाही, वरच्या छोट्या खिडकीतून बघायचं असतं; वाइड लेन्स लावली की त्या खिडकीतून दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त फोटोत येतं. कडेला काय आलंय ते घरी आल्यावरच कळतं. आज बाबांबरोबर मंडईत गेलो होतो. मी कॅमेरा वर केला की ते नेहमीसारखे बाजूला व्हायचे, मध्ये नको म्हणून. तरी सहा फोटोंत कडेला आलेत. आणि सहाही वेळा त्यांचा डावा हात कशाला तरी घट्ट धरून आहे. भिंत, हातगाडी, रिक्षाचा दांडा, पुन्हा भिंत.

चक्कर येते का त्यांना? कधीपासून? एवढा सोबत असून मी एकदाही बघितलं नाही, कसला मुलगा मी! गेल्या रविवारचे फोटो उघडले. तिथेही तोच हात, भिंतीवर.

शेवटी लॅपटॉप घेऊन त्यांच्यापुढे बसलो. "बाबा, तोल जातो का तुमचा? खरं सांगा ना."

वाटलं, छे रे म्हणतील. त्यांनी फोटोतल्या त्या हातावर बोट ठेवलं.

"मी तर बाजूला झालो होतो रे," म्हणाले. "यात कसा आलो?"